मनीमाजऱ्यातला अंबर

चंदीगडला बसून देवमाशाशी तुझा संबंध काय, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की मी उत्तर देणंच सोडून दिलंय. माझा थोरला भाऊ तर दर मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांबरोबर टोमणाही पाठवायचा. "अगो, देवगडाक समुद्र दारात होतो, थंय कधी देवमासो बघूक गेलंस नाय. आणि आता पंजाबात जावन त्येची उलटी तपासतंस?"

बरोबर आहे त्याचं. लग्न होऊन इथे आले ती ह्यांच्या बदलीमुळे. हे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. मला इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मग मी हलायला तयार होईना. ह्यांनी बिचाऱ्यांनी अर्जांवर अर्ज करून बदल्या टाळल्या. सेक्टर एकोणचाळीसच्या क्वार्टरमध्ये आमचा मुलगा मोठा झाला. मी मराठीत ओरडायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. आता मोहालीत नोकरी करतो आणि "आई, यार, तू ये साइंस वाली बातें डिनर पे मत किया कर" असं म्हणतो. जेवताना मी काय बोलते हे पुढे कळेलच, त्यामुळे त्याला फार दोष देत नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. वनखात्याने किंवा पोलिसांनी कुठे काही पकडलं, तर ते खरोखर वन्यप्राण्याचं आहे का, हे सांगायचं. कायदा प्राण्याला संरक्षण देतो, प्लास्टिकला नाही. त्यामुळे पकडलेला माणूस गुन्हेगार, नुसता लबाड, की स्वतःच फसलेला, हे पुष्कळदा आमच्या अहवालावर ठरतं. माल येतो तो कापडात शिवलेला, गाठींवर लाखेचं सील. आधी सील ताडून बघायचं, मगच कात्री लावायची. कुणी हातात आणून दिलेली वस्तू आम्ही घेत नाही, मग तो मंत्री का असेना.

एवढ्या वर्षांत माझ्या टेबलावर काय काय आलं! वाघनखं पुष्कळ आली आणि त्यातली बरीचशी गाईम्हशींच्या शिंगांतून कोरलेली निघाली. वाघाच्या दृष्टीने आनंदच आहे, पण जो ते गळ्यात घालून छाती फुगवून फिरत होता त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मुंगसाच्या केसांचे ब्रश आले. खानदानी हस्तिदंताचा म्हणून नवरीला घातलेला चूडा आला, तो निघाला उंटाच्या हाडाचा. त्या दोन घरांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

हथाजोडीची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका ज्योतिषाकडे छापा पडला, त्यात हात जोडल्यासारखी दिसणारी वाळकी मुळं सापडली. हिमालयातलं दुर्मिळ मूळ म्हणून तो विकत होता. दुसऱ्याच दिवशी एक निवृत्त बडे अधिकारी माझ्या केबिनमध्ये हजर. त्यांच्या बायकोने तेच मूळ शेंदूर लावून देवात ठेवलेलं, रोज पूजा चाललेली. "मॅडम, फक्त एवढं सांगा, कुठल्या झाडाचं मूळ आहे?"

मी म्हटलं, "साहेब, आधी बसा."

ते घोरपडीच्या नराचं गुप्तांग असतं, वाळवलेलं. हे ऐकल्यावर ते साहेब किती तरी वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता हिला कसं सांगू?" त्यावर माझ्याकडे रासायनिक उपाय नव्हता. मूळ गेलं वनखात्यात, आणि साहेब कुठल्या तोंडाने घरी गेले ते देव जाणे.

पण मला सांगायचंय ते अंबराबद्दल.

तुम्ही पेपरात वाचलंच असेल, 'व्हेलची उलटी पकडली' वगैरे. उलटी हा शब्द सभ्यपणाचा आहे. बहुतेक जाणकारांच्या मते ती वस्तू मागच्या बाजूने बाहेर पडते. स्पर्म व्हेल नावाचा जो प्रचंड डोक्याचा देवमासा असतो, तो खोल समुद्रात बुडी मारून माकूल खातो. माकूल म्हणजे स्क्विड, कोकणातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. माकूल सगळं मऊ, फक्त तोंडाशी पोपटासारखी एक कडक चोच. ती काही पचत नाही. अशा चोची आतड्यात अडकल्या, टोचल्या, की काही देवमाशांच्या पोटात त्यांच्याभोवती मेणासारखा पदार्थ साठत जातो. तो बाहेर पडला की शेणासारखा काळा आणि तसाच घाण वासाचा असतो. पण वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात आणि उन्हात तरंगत राहिला की राखाडी होतो आणि त्याला असा काही वास येतो की अत्तरवाले त्याच्यासाठी वेडे होतात. हाच अंबर. अत्तरात पडला की बाकीचे वास धरून ठेवतो, उडू देत नाही.

या पदार्थापायी माणसाने काय केलं हेही सांगते. एके काळी देवमाशाच्या तेलावर परदेशांतल्या शहरांचे दिवे जळायचे. जहाजं निघायची, भाले मारून देवमासे ओढून आणायची, चरबी समुद्रातच कढवायची. आणि या जातीचा मासा हाती लागला की आतडी उकलून आत हात घालून चाचपायची, अंबर आहे का म्हणून. फार थोड्यांच्या पोटात तो असतो, पण पोट सगळ्यांचंच फाडायचं. देवमासा हा मासा नाही, पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे, हे आपण शाळेत शिकलोय. मी तरी मासाच म्हणते. जीभ देवगडची आहे.

आपल्याकडे किनाऱ्यावर आपसूक वाहून आलेला तुकडा उचलून जवळ ठेवला तरी गुन्हा होतो. लोक म्हणतात, हा काय अन्याय! मला नाही तसं वाटत. समोरचा तुकडा वाहून आला की पोट फाडून काढला, हे माझं कुठलंही मशीन सांगू शकत नाही. आणि विकत घेणारे आहेत म्हटल्यावर पोट फाडणारे निघणारच.

आता लाला तिलकराज.

मनीमाजरा म्हणजे चंदीगडच्या पट्टीने आखलेल्या रस्त्यांत उरलेलं जुनं, वाकड्यातिकड्या गल्ल्यांचं गाव. तिथे लालाजींचं अत्तराचं दुकान, आजोबांपासूनचं. लालाजी सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, पांढराशुभ्र कुर्ता, कानात अत्तराचा फाया. कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. रोज सकाळी जवळच्या ठाकुरजींच्या, म्हणजे श्रीकृष्णाच्या, मंदिरात अंबराचं अत्तर पोचवायचे, तेही तीन पिढ्यांचं व्रत. बायको वारलेली. एकच मुलगी, रजनी, सरकारी शाळेत शिक्षिका. तिनेच घर सांभाळलेलं.

पेपरातून अंबराच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा शहाणा दुकानदार गप्प बसला असता. आमच्या लालाजींनी काय केलं? दुकानावर पाटी लावली, 'यहाँ असली अंबर मिलता है'. का, तर गल्लीतला दुसरा दुकानदार नकली विकतो म्हणून! व्हायचं तेच झालं. वनखात्याची माणसं गिऱ्हाईक बनून आली. लालाजींनी मोठ्या प्रेमाने पेटी उघडली, दोन ढेकळं काढून दाखवली, आणि आपल्याला अटक होतेय हे कळल्यावर म्हणाले, "वो ठीक है जी, पहले सूँघ तो लो!"

हे मला रेंजर गुरमीतसिंग यांनी सांगितलं, ज्यांनी त्यांना पकडलं होतं. सरदारजी हसत होते, पण खजीलही झाले होते. "मॅडमजी, तो म्हातारा चोर वाटतच नाही. गाडीत बसूनसुद्धा आम्हाला अंबर कसा ओळखायचा ते शिकवत होता. सुई तापवून टोचायची, धूर हुंगायचा. वर म्हणतो, उलटी काय, पेपरवाल्यांचं डोकं फिरलंय. हे समुद्राचं मेण आहे. उलटी कोणी कानात घालतं का?"

लालाजींची समजूत आणि खटला यांचा गुंता बघा. म्हातारा छातीठोकपणे सांगतोय की माल असली आहे. माल असली म्हणजे तुरुंग, तोही वर्षांच्या हिशेबात. नकली असेल तरच सुटका. रजनी वकिलाला विनवतेय, कसंही करून नकली ठरवा. आणि बाप कोठडीतून निरोप पाठवतोय, खबरदार कुणी माझ्या मालाला नकली म्हणाल तर!

ढेकळं माझ्याकडे आली. त्या वेळी केतकी नावाची यवतमाळची मुलगी नुकतीच माझ्या हाताखाली लागली होती. हुशार, भरभर काम करणारी. तिने पहिल्या ढेकळाची वरची साल खरवडली, मशीनला लावली, आणि धावत आली. "मॅडम, अँब्रीन दिसून राहिलं ना जी! बारीक आहे, पण आहे. पॉझिटिव्ह!" अँब्रीन हे खऱ्या अंबरातलं मुख्य द्रव्य. ते दिसलं की आमच्या लेखी देवमासा दिसला.

"कुठून घेतलंस?"

"वरून."

"आणि पोटातून?"

"पोटातून कायले? आतबाहेर एकच तर ढेकूळ आहे."

"अगं बाई, भाजीवाल्याकडचं कलिंगडसुद्धा आपण कापून घेतो. काप ते."

माझी पद्धत पहिल्यापासून हीच. सालीचा नमुना वेगळा, गाभ्याचा वेगळा. केतकी कुरकुरली, पण तिने ढेकूळ कापलं. आत स्वच्छ पॅराफिन मेण आणि राळ. मेणबत्ती करावी आणि लावावी. दुसरंही तसंच. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. आत मेण आणि वर अंबराचा लेप? लेपसुद्धा नाही, नुसता स्पर्श झाल्यासारखा.

"मॅडम," केतकी हळूच म्हणाली, "हे असलीपाशी ठेवलेलं दिसते. लोणच्याच्या बरणीजवळ बिस्किटाचा पुडा ठेवला का त्याले वास लागते, तसं."

शाब्बास! माझ्याही मनात तेच आलं होतं. याचा अर्थ लालाजींकडे कुठे तरी खरा तुकडा होता. मला त्या तुकड्याचं विलक्षण कुतूहल वाटायला लागलं. पण कुतूहल हे काही अहवालाचं कलम नव्हे. आम्ही दिसलं तेवढं लिहिलं. ढेकळं मेणाची, पृष्ठभागावर अँब्रीनचा अंश, बाहेरून लागलेला असण्याची शक्यता.

या अहवालाच्या जोरावर लालाजींना जामीन मिळाला. रजनीने पेढे वाटले असतील. पण मनीमाजऱ्यात बातमी फिरली ती वेगळीच. आजवर असलीच्या नावाखाली म्हातारा मेण विकत होता म्हणे! गल्लीतली पोरं 'मोमवाले लालाजी' म्हणून हाका मारायला लागली. मंदिराच्या पुजाऱ्याने, आता अत्तर पाठवू नका, असा निरोप दिला.

आणि एका दुपारी, जेवणाचे डबे धुऊन आम्ही टेबलाशी येतोय तोवर, लालाजी स्वतः दारात. मागे रजनी, चेहरा ओढलेला. बोलणं सगळं हिंदी-पंजाबीत झालं. मी शक्यतो मराठीत सांगते.

"तुम्हीच का त्या मॅडम? ज्यांनी मेण म्हटलं?"

"मीच ती."

"मग तुम्ही चुकीचा तुकडा तपासला, जी." त्यांनी कुर्त्याच्या खिशातून चांदीची डबी काढली. "हा तपासा. दादाजींच्या वेळचा आहे. घरात ठाकुरजींच्या आसनाखाली असतो. नवा माल आला की महिनाभर याच्या सोबत ठेवायचा, मुरतो. बाबूजींनी शिकवलं. व्यापारी मला फसवून मेण देत असेल, तर तो त्याचा गुन्हा. मी चोर नाही आणि ठगही नाही. हा बघा, आणि लिहून द्या, की अंबर असली आहे आणि यात कुठलंही जनावर नाही."

रजनी पांढरीफटक पडली. तिला बापाच्या खिशात काय आहे याची कल्पनाच नव्हती. "पापा, बंद करो इसे! मॅडम, आपने कुछ नहीं देखा. प्लीज. हे आत्ताच तर घरी आलेत. त्यांना साखर आहे, रात्री धड झोप नाही. परत आत गेले तर बाहेर येणार नाहीत."

खरं सांगते, इतकी वर्षं मी पाकिटांशी बोलत आले. पाकिटाला मुलगी नसते.

"लालाजी," मी म्हटलं, "डबी तुमच्याच हातात राहू द्या. मी हात लावणार नाही, सील नसलेलं काही मी घेत नाही. पण आधी नीट ऐका. हा खरा निघाला तर तुम्हाला तुरुंग होऊ शकतो."

"खरा असण्यात तुरुंग कसला? समुद्राचं मेण आहे."

त्यांनी डबी उघडली. आणि तो वास! कसा सांगू? देवगडला ओहोटीच्या वेळी खडकांवर ऊन पडतं, तसा खारट, त्याखाली जुन्या लाकडी पेटीचा, त्याखाली काही तरी उबदार, अंगाचा. माझ्या टेबलावर आलेल्या मालात एवढा जुना, एवढा शुद्ध तुकडा मी पाहिला नव्हता. सुपारीएवढा, राखाडी. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. "इथे बघा. कडेला काळं काय आहे?"

बराच वेळ बघितलं त्यांनी. "चोच आहे. चिमणीएवढ्या पक्ष्याची. बाबूजी सांगायचे, समुद्रातले पक्षी त्यावर बसतात, चिकटतात."

आमच्याकडे तुलनेसाठी एक बरणी असायची. त्यात माकुलाच्या चोची होत्या, माझ्याच भावाने बाजारातून गोळा करून आंब्याच्या पेटीत घालून पाठवलेल्या. मला हसत हसत का होईना, पण पाठवल्या होत्या. मी बरणी उघडून एक चोच कागदावर त्यांच्यासमोर ठेवली. शेजारी कॉम्प्युटरवर माकुलाचा फोटो, मग देवमाशाचा. आणि सगळं सांगितलं, आतड्यासकट, काही न गाळता. म्हाताऱ्या माणसाला असं सांगू नये असं मला वाटलं नाही. त्यांनी विचारलं होतं आणि मला माहीत होतं.

लालाजी एकदा कागदावरच्या चोचीकडे बघत, एकदा डबीतल्या. भिंग खाली-वर करत. तोच बाक, तोच काळा चकचकीतपणा. रजनीसुद्धा नकळत पुढे वाकून बघायला लागली होती. शिक्षिका ना शेवटी.

"काय म्हणतात याला तुमच्याकडे?" त्यांनी शेवटी त्या प्रचंड प्राण्याच्या फोटोकडे बोट करून विचारलं.

"देवमासा."

"देव?"

"हो. फार मोठा असतो, म्हणून असेल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, मी अंड्याला हात लावला नाही कधी. आणि ठाकुरजींना रोज हे..."

मला त्यांची फार दया आली. "लालाजी, ठाकुरजींना गेला तो तुमचा नवा माल. तो मेणच होता. मी कापून बघितलाय."

"मोम था?"

"पक्का."

"शुकर है," ते म्हणाले. ज्या शब्दावरून भांडायला आले होते, त्याच शब्दाने त्या माणसाचा जीव खाली पडला. रजनीला हसू फुटलं आणि लगेच रडूही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "हा मारून काढलेला की आपोआप आलेला?"

"सांगता येत नाही."

"तुमच्या मशीनलाही?"

"मशीनलाही."

त्यांनी डबी मिटली आणि मांडीवर ठेवली. रजनीने त्यांचा दंड धरला. "उठो पापा. चलो. घरी जाऊ."

मी म्हटलं, "रजनीजी, मी सरकारी नोकर आहे. बघितलं ते बघितलं. तुम्ही या दारातून डबी घेऊन गेलात तर मला वनखात्याला फोन करावाच लागेल. पण तो फोन मी करण्यात आणि लालाजींनी करण्यात फरक आहे. याहून जास्त मला काही सांगता येणार नाही."

"म्हणजे तुम्हीच पकडून देणार!" ती ओरडली. "एवढं शिकलात आणि एका म्हाताऱ्याला सोडता येत नाही?"

तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. त्या डबीतल्या सुपारीएवढ्या तुकड्याने तिचा बाप जाणार होता, आणि ज्या प्राण्यासाठी हा सगळा कायदा, तो कुठल्या तरी समुद्रात केव्हाच मरून गेलेला.

लालाजींनी मुलीचा हात दंडावरून अलगद काढला. "त्या सरदारजींचा नंबर असेल ना तुमच्याकडे? जो मला घेऊन गेला होता. भला माणूस आहे. लावून द्या."

मी लावून दिला. ते फोनमध्ये मोठ्याने म्हणाले, "गुरमीतसिंगजी, मनीमाजऱ्याचा तिलकराज. एक चीज माझ्याकडे राहिली होती. येऊन घेऊन जा."

गुरमीतसिंग आले. डबी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. रीतसर पंचनामा झाला, कापडात शिवून सील झालं, दुसरा गुन्हा नोंदला गेला. तोच तुकडा मग सीलबंद होऊन आमच्याकडेच परत आला आणि केतकीने तपासला, सालीपासून गाभ्यापर्यंत अस्सल. "मॅडम, कागदावर हे लिहाले जिवावर येऊन राहिलं," ती म्हणाली. मी म्हटलं, लिही. घरी येऊन मात्र मी ह्यांच्यावर चिडचिड केली, आमटीत मीठ टाकलं नाही, आणि का ते सांगितलंही नाही.

या दुसऱ्या गुन्ह्याचा खटला उभा राहीपर्यंत मी निवृत्त झाले होते. साक्षीचं समन्स घरी आलं. जिल्हा कोर्टात मला पाहून रजनीने मान फिरवली. वकिलाने लालाजींना पढवून ठेवलं होतं: विचारलं तर म्हणायचं, मला काही माहीत नाही, जुनी डबी होती, आत काय ते मी कधी पाहिलं नाही. सुटकेचा तोच एक रस्ता होता, आणि लालाजींनी तो धरावा असं मलाही मनापासून वाटत होतं. मी शपथ घेतली आणि सांगितलं, तुकडा खरा आहे. हे माझं शेवटचं सरकारी वाक्य.

मॅजिस्ट्रेट तरुण बाई होत्या. त्यांनी लालाजींना विचारलं, "ही काय वस्तू आहे, तुम्हाला माहीत होतं?"

वकील त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होता. रजनीने ओढणीचं टोक दातात धरलेलं.

लालाजी म्हणाले, "जब तक पता नहीं था, तब तक रखी. जिस दिन पता चला, उसी दिन दे दी."

वकिलाने मान खाली घातली. मॅजिस्ट्रेटबाई लिहिता लिहिता थांबल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"मी."

"आणि डबी कधी दिली?"

"त्याच दिवशी, जिथे ऐकलं त्याच खुर्चीवर बसून. माझ्यासमोर. फोनही त्यांनीच केला."

निकाल लगेच लागला नाही, कोर्टाची कामं तशी होत नाहीत. पण लागला तेव्हा बाईंनी वय, जुनी वडिलोपार्जित वस्तू आणि स्वतःहून हवाली करणं, हे सगळं धरलं आणि समज देऊन त्यांना सोडलं. तुकडा सरकारजमा झाला. एवढा सुंदर वास कुठल्याशा कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत पडला असेल, याची मला अजून हळहळ वाटते. तो कुणाला विकला जाणार नाही, याचं समाधानही वाटतं. दोन्ही खरं आहे.

निकाल ऐकायला मी मुद्दाम गेले होते. बाहेर पायऱ्यांवर रजनी माझ्याजवळ आली. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि रिक्षा बघायला गेली. लालाजी मागे राहिले. कानात फाया नव्हता.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशीपासून मनात आहे."

"विचारा ना."

"त्या चोची पोटात टोचायच्या, म्हणून ते मेण जमायचं, असं तुम्ही म्हणालात. एवढं मोठं ढेकूळ आत घेऊन फिरायचं. त्याला दुखत असेल का?"

त्या वस्तूचं रसायन मला पाठ होतं. बाजारात तिची काय ओढाताण चालते हेही ठाऊक होतं. तिच्यापायी माणसं काय करतात ते तर मी नोकरीभर पाहिलं. हा प्रश्न मात्र मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही कधी स्वतःला विचारला नव्हता.

"माहीत नाही, लालाजी. बहुतेक कुणालाच माहीत नसावं."

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं.

"तो पता कीजिए ना, जी," ते म्हणाले. "आपके पास तो मशीन है."